आज स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?

जुनी म्हण आहे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. म्हण करणाऱ्याने जोडाऱ्याचं घर पाहिलेलं नव्हतं. त्या घरात भिंती, दारं, ओटा, मोरी, सगळंच फिरायचं, आणि तेही घरावर कसलीच वाईट वेळ आलेली नसताना. आज खिडकीखाली असलेला ओटा पुढच्या महिन्यात मागच्या अंगाला जायचा. जिथं दार होतं तिथं कपाट यायचं. पाहुणा सहा महिन्यांनी आला तर उंबऱ्यातच घुटमळायचा, आपण भलत्याच घरात तर नाही ना शिरलो म्हणून.

जोडारी म्हणजे फिटर. कारखान्यात त्याच्या हुद्द्याला हा शब्द होता आणि तोच पुढे त्याचं नाव होऊन बसला. कारखाना घरं बनवायचा. विटा-सिमेंटची नव्हेत, एकेक खोली आख्खी तयार, लोखंडी सांगाड्याची, आत वायरी, नळ, खिडकीच्या काचा, दाराची कडीसुद्धा लावलेली. ती ट्रेलरवर चढून जागेवर जायची, क्रेन तिला उचलायची आणि खाली जोडारी हात वर करून उभा असायचा. "येऊ दे, येऊ दे, अजून बोटभर, थांब." दोन खोल्यांची भोकं समोरासमोर आली की तो सळई घालून बघायचा, मधली रबरी पट्टी नीट दाबायचा, बोल्ट आवळायचा आणि वर पाणसळ ठेवायचा. तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला की म्हणायचा, "बसली." तो हे म्हणेपर्यंत घरातल्या माणसांनी आत पाय ठेवायचा नाही, हा त्याचा कायदा. कुटुंब वाढलं की खोली जोडायची, घटलं की सोडवून परत करायची, मग कारखाना ती झाडूनपुसून दुसऱ्या कुणाला द्यायचा. सुरुवातीला लोक हसले. "हे काय घर आहे? विंचवाचं बिऱ्हाड आहे," असं म्हणणारेच पुढे रांगेत उभे राहिले.

खोल्या जोडणं बाकीच्यांनाही जमायचं. जोडाऱ्याची खाज वेगळी होती. त्याला आतल्या भिंती हलवायच्या होत्या. त्याने जमिनीत आणि छतात खाचा केल्या आणि भिंत सरकवून सकाळच्या दोन खोल्यांच्या संध्याकाळपर्यंत तीन करून दाखवल्या. पुढे नळाची भिंतही सोडली नाही. पाइपांना वाकणारे तुकडे, टोकाला दाबून बसणारे जोड, म्हणजे ओटा आणि मोरी हवी तिथं उचलून नेता यावी. "माणूस बदलतो, मग घराने कशाला एका जागी ठाण मांडून बसायचं?" हे त्याचं लाडकं वाक्य. आता असले प्रयोग करायला घर कुणाचं? स्वतःचंच. कारखान्याला आयतं नमुन्याचं घर मिळालं, याची हौस फिटली. बायकोला काय मिळालं, ते तिला कुणी विचारलं नाही. माणसाला एखादी खोड असावी, नाही कोण म्हणतं, पण ती बायकोच्या ओट्यावर जिरवू नये.

बायको मात्र मोठी गमतीची. दुसरी असती तर डोकं धरून बसली असती, हिने थट्टाच करून टाकली. सकाळी उठून केस बांधता बांधता विचारायची, "अहो, आज स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?"

"डावीकडे, बाईसाहेब."

"आणि मोरी?"

"कालच्याच जागी आहे."

"का हो? बरं नाही वाटतं तुम्हाला?"

नमुना बघायला माणसं यायची. साहेब लोक, त्यांच्या बायका, वह्या घेऊन आलेले विद्यार्थी. खुशाल कपाटं उघडायचे. ही पुढे होऊन सांगायची, "सांभाळून हं, त्याच्या मागे नवरा ठेवलाय." शेजारची शिंपीणबाई मशीन थांबवून हे ऐकायला खिडकीत यायची. मुलगी झाली तेव्हा दुसरी खोली आली. जोडाऱ्याची आई राहायला आली तेव्हा तिसरी. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी शिकली आणि नोकरीला दूरच्या गावी गेली. खोल्या राहिल्या, थट्टाही राहिली. रोज सकाळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

तिथंच घात झाला. तो प्रश्न थट्टेचा राहिला नाही, असा दिवस कोणता, हे जोडाऱ्याला पुढे कधी सांगता आलं नाही. ती विचारायची, "अहो, आज स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?" आणि तो हसून म्हणायचा, "डावीकडे, बाईसाहेब." मग ती डावीकडे जायची. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोने असं विचारलं असतं तर नवरा तिला घेऊन डॉक्टरकडे धावला असता. हा हसत राहिला, महिनोन्महिने हसत राहिला. एकदा ती मोरी समजून कपाट उघडून उभी राहिली. तेव्हाही हा म्हणाला, "अगं, माझीच चूक. मागच्याच महिन्यात फिरवली ना ती." घर इतक्यांदा फिरलं होतं की तिच्या प्रत्येक चुकीला त्याच्याकडे सबब तयार असायची.

शेवटी शिंपीणबाईच्या लक्षात आलं. ती उशीच्या खोळी शिवून द्यायला आली होती. बघते तर जोडाऱ्याची बायको मधल्या खोलीत सपाट भिंतीला खांदा लावून ढकलतेय. घामाने डबडबलेली. "दार गच्च झालंय हो," ती म्हणाली. "आत बाळ रडतंय आणि दार उघडत नाही." त्या जागी दार होतं खरं, पण मुलगी पाळण्यात होती तेव्हा. शिंपीणबाईने तिला धरून बसवलं, बाही वर करून पाहिलं, तर खांदा काळानिळा. एका दिवसातला नव्हता तो.

जोडारी कामावरून आला तेव्हा शिंपीणबाई दारातच उभी होती. जिभेला हाड नसलेली बाई, पण त्या दिवशी हळू बोलली. "जोडारीभाऊ, वहिनी थट्टा करत नाहीयेत."

एवढं एकच वाक्य. त्याला एकदम मागच्या सगळ्या सकाळी आठवल्या, एकीमागून एक, आणि प्रत्येक सकाळी आपण हसतोय.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मेंदूची चित्रं काढली, साध्या शब्दांत सांगितलं. हा आजार मागे फिरत नाही. नवं आधी जातं, जुनं मागाहून. आता ऐकणाऱ्याने सगळं ऐकावं की नाही? पण जोडाऱ्याने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. जुनं मागाहून जातं, म्हणजे जुनं अजून आहे. घरी येऊन तो त्या भिंतीसमोर बसून राहिला. बायकोने दार शोधलं होतं ते अगदी नेमक्या जागी, हातभरसुद्धा इकडेतिकडे नाही. म्हणजे ती चुकत नव्हती. ती जुन्या घरात बरोबर चालत होती, घरच जागेवर नव्हतं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं, दोन खोल्यांची भोकं जुळत नसली तर एक खोली जरा सरकवायची. बायकोला सरकवता येत नाही, मग घर सरकवू. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं, आणि सुचलं नसतं तेच बरं झालं असतं.

त्याने रजा काढली, पाना काढला आणि मुलगी पाळण्यात आणि आपली आई घरात होती तेव्हाची मांडणी परत बसवली. ओटा मागच्या अंगाला, मोरी त्याला लागून, मधल्या भिंतीत दार. बायको बाजेवर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती उठली, कुणाला काही न विचारता सरळ ओट्याशी गेली, आधण ठेवलं, कप विसळले आणि येऊन त्याच्या हातात कप दिला. "अहो, चहा घ्या. निवेल." साखर बरोबर, आलं बरोबर. जोडारी मोरीत गेला, नळ सोडला आणि पोटभर रडला. मग मुलीला फोन लावला. "आई बरी होतेय."

मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"डॉक्टरांना घरातलं काय कळतंय? मला अहो म्हणाली ती. मला ओळखते."

त्या एका शब्दाला तो धरून होता. शिंपीणबाईला ती विसरली होती. मुलीचा फोटो हातात घेऊन "ही आमची धाकटी बहीण," म्हणायची. पण नवऱ्याला हाक मारताना कधी अडखळली नाही. "अहो, ऐकलं का." "अहो, जरा इकडे या." बाकी सगळं जाईना का, हा शब्द आहे तोवर आपण तिच्या घरातच आहोत, असं तो स्वतःला रोज सांगायचा. ती आपल्याला ओळखत राहावी, याहून जास्त त्याला आता काहीही नको होतं.

पण नव्याचे नऊ दिवस. हळूहळू ती तिसऱ्या खोलीच्या दाराकडे बघून दबकायला लागली. "अहो, त्या खोलीत कोण राहतं?"

"कुणी नाही. आईची खोली ती."

"कुणाच्या आईची? आपल्याकडे परकी खोली कशाला?" ती अंग चोरून भिंतीशी बसायची, जेवायची नाही. जोडाऱ्याने हिशेब मांडला. ती अजून मागे गेलीय, आपणही मागे जाऊ. तो कारखान्यात गेला. मुकादम त्याच्याच बरोबरीचा, दोघांनी एकाच दिवशी काम धरलेलं. मुकादम म्हणाला, "नीट विचार कर. एकदा सोडवलेली खोली परत यायची नाही. वाट बघणारे ढीगभर आहेत."

"सोडव."

"वहिनींचं दुखणं खोलीत आहे का, गड्या?"

जोडाऱ्याने कागदावर सही केली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. तिसरी खोली गेली. बायको पुन्हा मोकळी फिरायला लागली, गुणगुणायला लागली. थोडे दिवस. मग ती दुसऱ्या खोलीला बिचकायला लागली.

ती मुलीची खोली. तीही सोडवणार हे कळल्यावर मुलगी मिळेल त्या गाडीने आली. आईने तिला पाणी दिलं, "प्रवास बरा झाला ना?" विचारलं आणि नखं बघत बसून राहिली. मुलीने बापाला बाहेर नेलं.

"बाबा, माझी खोली आहे ती."

"तुला लागली तर कधीही ये, आपण..."

"मला लागायचा प्रश्न नाही. राहू द्या. एखाद्या दिवशी तिला त्या खोलीत काहीतरी आठवेल."

"तिला तिथं भीती वाटते गं. तिच्या हिशेबी तू अजून झालेलीच नाहीस."

तोंडातून निघून गेलं. मुलगी पायरीवर बसली. जोडाऱ्याला वाटलं, जीभ हासडून टाकावी. पण बोललेलं मागे येत नाही. मग ती म्हणाली, "खोल्या सोडवत सोडवत कुठवर जाणार आहात? शेवटी एक खोली राहील. त्याच्या मागे काय करणार?"

"त्याच्या मागे जायची गरजच नाही," जोडारी म्हणाला. त्याचा आवाज अगदी समजावणीचा होता. "एका खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या खोलीत मी आहे."

बापाचा चेहरा बघून मुलीने विरोध सोडला. क्रेन आली. जोडाऱ्याने स्वतःच्या हाताने बोल्ट सैल केले, रबरी पट्टी सोलून काढली, आणि मुलीची खोली खिडकीच्या पडद्यासकट अलगद वर गेली. पडदा काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मुलगी रस्त्यावर उभी राहून हुंदके द्यायला लागली. आई तिच्याजवळ गेली, पाठीवरून हात फिरवला. "रडू नका हो ताई. खोलीच तर आहे. दुसरी मिळेल तुम्हाला." मुलीने तिचा तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. जोडाऱ्याने तिकडे पाठ केली आणि उघड्या पडलेल्या बाजूला भिंतीचा पत्रा लावायला घेतला.

आता एकच खोली उरली. मुलगी गेल्यावर जोडाऱ्याने जीव ओतून ती लावली. ओटा खिडकीखाली. बाज भिंतीला. दाराशी शर्ट अडकवायचा खिळा. भांड्यांची फळी तिच्या हाताच्या उंचीला. त्याला एकेक गोष्ट आठवत होती, आणि आठवत होती याचाच त्याला आनंद होता. बाकीच्या मांडण्या नमुन्यासाठी होत्या, ही एकच दोघांनी मिळून केलेली. शेवटचं काम म्हणून तो दाराशी उकिडवा बसून चौकटीचे बोल्ट आवळत होता. आत बायको वावरत होती. न अडखळता, न थबकता. डबा फळीवर, फडकं खुंटीला, पातेलं शेगडीवर, मागे वळूनही न बघता हात बरोबर तिथंच जात होता. चेहऱ्यावर कसली म्हणून शंका नाही. किती दिवसांत तिला असं पाहिलं नव्हतं त्याने. त्याने पाणसळ उंबऱ्यावर ठेवली, बुडबुडा मधोमध थांबला, आणि त्याला वाटलं, जमलं. देवाशप्पथ जमलं.

"अहो," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"झालं का काम?"

"झालं."

"छान बसवलंत. पाणी देऊ?"

"द्या, बाईसाहेब," तो हसून म्हणाला. जुनी सवय, दुसरं काय. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं, तो घटाघटा प्यायला. तांब्या परत घेऊन ती पदराला हात पुसत म्हणाली, "मग निघा आता तुम्ही. आमचे हे येतील एवढ्यात. स्वतः जोडारी आहेत ते. दुसऱ्याने केलेलं काम त्यांना पटत नाही, उगाच बोल्ट उघडून बघत बसतील."

जोडाऱ्याला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. अहो. ट्रेलरच्या ड्रायव्हरला ती अहो म्हणायची. मीटर बघायला येणाऱ्याला अहो म्हणायची. वाटेत आडव्या आलेल्या कुणालाही माणूस अहोच म्हणतो. ज्या शब्दाला तो इतके दिवस जिवाच्या आकांताने धरून बसला होता, तो त्याच्यातून निघून परक्याला लागू झाला होता, आणि कधी झाला ते शब्दावरून कळायला काही मार्गच नव्हता. नाव सांगावं तर ते तिने उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. तिच्या लेखी ते कुणाचंही असतं.

त्याने पाना पिशवीत ठेवला. उठवेना. त्याने विचारलं, "कसे आहेत तुमचे हे?"

ती एकदम खुलली. "चांगले आहेत हो. बोलत नाहीत फारसं, पण मनाने साफ. हात असा आहे की लोखंड ऐकतं त्यांचं." मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "एकच आहे. सारखं घर हलवतात. भिंत काय, ओटा काय. मी आपली हसते. खरं सांगू, मला नाही आवडत. सकाळी उठलं की धस्स होतं. रात्रीचं घर सकाळी असेल की नाही."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"किती हौसेनं करतात. चेहरा बघवायचा नाही त्यांचा." ती हसली. "तुम्ही पण बोलू नका हं त्यांच्याजवळ."

"नाही बोलत," जोडारी म्हणाला.

तो बाहेर आला. मागे दार लागलं, आतून कडी बसल्याचा आवाज आला. उजेड अजून चांगला होता, शिंपीणबाईचं मशीन चालू होतं. जिथून दोन खोल्या गेल्या तिथं आता नुसते सिमेंटचे ठोकळे उघडे पडले होते. त्यातल्या एकावर तो बसला. शर्टाची बाही डोळ्यांना लावून बराच वेळ बसला. मग उठला, तोंड धुतलं, हाताने केस सारखे केले, कामावरून घरी येणारा माणूस पिशवी ज्या खांद्याला लावतो त्या खांद्याला पिशवी लावली आणि दार वाजवलं.

कडी निघाली. दार जरासंच उघडलं. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, ओळख नाही, पण रागही नाही.

"अहो, ते अजून आले नाहीत," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "मी थांबतो बाहेर."

"थांबा की," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.